सरकारी अधिकारी आणि कंपनीचें डायरेक्टरपद

लातूरच्या आडत बाजारांत तुरीचीं पोतीं घेऊन आलेल्या शेतकऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाहीं. त्याचा माल विकून देणारा आडत्या त्याच्या बाजूनें बोलतो, आणि माल घेणारा खरेदीदार स्वतःच्या बाजूनें बोलतो. हे दोघे निराळे असले म्हणजे भावाची ओढाताण होते, आणि त्या ओढाताणींतच शेतकऱ्याच्या पदरीं चार पैसे अधिक पडतात. आडत्यानेंच दुसऱ्या पेढीच्या नांवानें तो माल गुपचूप उचलला, तर वजन बरोबर असेल, पट्टी बरोबर असेल, कदाचित् भावहि वाजवी असेल. तरी शेतकरी म्हणेल कीं, माझ्यातर्फें भांडणारा माणूसच तेथें उरला नव्हता. १८७२ च्या करार कायद्यानें ही तक्रार रास्त मानली आहे. मुखत्यारानें धन्याची संमति न घेतां धन्याच्या व्यवहारांत स्वतःचा सौदा केला, तर त्यांतून त्याला झालेला फायदा धन्याला मागून घेतां येतो. आणि त्यांत लपवाछपवी झाली असली किंवा धन्याचें नुकसान झालें असलें, तर तो व्यवहारच नाकारतां येतो.

सरकारी अधिकारी हा जनतेचा मुखत्यार. तो एखाद्या कंपनीच्या डायरेक्टर मंडळावर जाऊन बसला म्हणजे काय होतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय मुंबई-दिल्लीच्या मोठ्या कचेऱ्यांतला वाटेल. परंतु नांदेड-लातूरकडच्या लोकांनीं त्याची किंमत एकदां मोजली आहे, आणि ती गोष्ट आपल्याकडे आतां फारशी कोणाला आठवत नाहीं.

मराठवाडा निजामाच्या राज्यांत होता तेव्हांची ही हकीकत. पहिले सालारजंग १८८३ सालीं वारले, आणि त्यानंतरच्या चार-पांच वर्षांत हैदराबादच्या दरबारीं लंडनच्या भांडवलवाल्यांची ये-जा फार वाढली. राज्यांत रेल्वे वाढवावयाची होती आणि जमिनींतील कोळसा काढावयाचा होता. सिंगरेणीच्या बाजूस कोळसा आहे हें भूगर्भ खात्याच्या डॉ. विल्यम किंग यांनीं आधींच दाखवून दिलें होतें. या सर्व वाटाघाटींत दरबारच्या बाजूनें एकच चतुर गृहस्थ पुढें असत. त्यांचें नांव अब्दुल हक. पदवी सरदार दिलेर जंग. आणि हुद्दा राज्याच्या गृहखात्याचे सेक्रेटरी. १८८६ सालीं वॉटसन आणि स्ट्युअर्ट या दोन इंग्रज गृहस्थांना राज्यांतील खनिजें काढण्याचा दीर्घ मुदतीचा मक्ता मिळाला, आणि तो मक्ता चालविण्यासाठीं लंडनमध्यें ‘हैदराबाद (डेक्कन) कंपनी’ नांवाची कंपनी निघाली. भांडवल दहा लक्ष पौंड. पण हा आंकडा कागदावरचा. त्यांतील बहुतेक भाग मक्तेदारांना रोख पैसा न घेतां, पूर्ण भरलेले म्हणून, देऊन टाकण्यांत आले होते. खरा पैसा थोड्याच भागांवर जमा झाला होता.

या फुकट मिळालेल्या भागांत अब्दुल हक यांचा मोठा वाटा होता. पुढें निजाम सरकारच्या मनांत आलें कीं, आपल्याच राज्यांतील खाणीच्या कंपनींत आपलेहि कांहीं भाग असावे. विचार गैर नव्हता. भाग खरेदी करण्याचें काम अर्थात् लंडनची माहिती असलेल्या माणसावर, म्हणजे अब्दुल हक यांच्यावरच सोंपविण्यांत आलें. त्यांनीं ते खरेदी केले. दर्शनी किंमतीपेक्षां अधिक भावानें खरेदी केले. आणि विकणारे, पडद्याआड, ते स्वतःच होते. गोदाकांठच्या काळ्या जमिनीचा सारा ज्या खजिन्यांत जाऊन पडे, त्याच खजिन्यांतून हा पैसा लंडनला गेला.

१८८८ सालीं गोष्ट फुटली. कंपनी लंडनची असल्यामुळें ब्रिटिश पार्लमेंटनें चौकशीसाठीं निवड समिति नेमली, साक्षी झाल्या, आणि अब्दुल हक यांना पदावरून दूर करण्यांत आलें. या प्रकरणांत मला सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट निराळीच वाटते. खाण खोटी नव्हती! कोळसा खरोखरच होता व भरपूर होता. त्याच धंद्यांतून पुढें १९२० सालीं सिंगरेणी कोलियरीज ही कंपनी झाली, १९४५ सालीं हैदराबाद सरकारनें तिचे बहुसंख्य भाग विकत घेतले, आणि आज ती तेलंगण राज्य व केंद्र सरकार यांच्या मालकीची मोठी कंपनी आहे. तेव्हां, ‘‘शेवटीं राज्याचा फायदाच झाला ना?’’ असा प्रश्न कोणी विचारील. त्याला उत्तर एवढेंच कीं, मक्ता कोणत्या अटींवर द्यावा, भाग कोणत्या भावानें घ्यावे, हें ठरवितांना राज्याच्या बाजूनें घासाघीस करणारा माणूसच नव्हता. किती कमी पैशांत हें झालें असतें, तें आतां कोणालाहि सांगतां येणार नाहीं. कारण ती घासाघीस कधीं झालीच नाहीं. हितसंबंधांच्या विरोधानें होणारें नुकसान बहुधा असेंच अदृश्य असतें. चोरींत गेलेला पैसा मोजतां येतो. न झालेल्या सौद्यांतला पैसा कोणत्याच वहींत सांपडत नाहीं.

याच्या वीस वर्षें आधीं मुंबईस याच विषयाची दुसरी बाजू दिसून आली होती. १८४० सालीं स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेंत मुंबई सरकारचे भाग होते, आणि म्हणून तिच्या मंडळावर सरकारनें नेमलेले डायरेक्टर असत. हे सरकारचेच वरिष्ठ नोकर. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाचा भाव गगनाला भिडला, मुंबईंत सट्ट्याची लाट उसळली, आणि १८६३ च्या नव्या कायद्यानें बँकेला नुसत्या शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. पुढचें बहुतेकांना ठाऊक आहे. १८६५ सालीं युद्ध थांबलें, प्रेमचंद रायचंदांसारखे कोट्यधीश कोसळले, आणि १८६८ पर्यंत बँकेचें जवळजवळ सगळें भांडवल बुडून ती गुंडाळावी लागली. सर चार्लस जॅक्सन यांच्या चौकशी मंडळासमोर जो प्रश्न पुनःपुन्हां आला तो असा, कीं सरकारचे डायरेक्टर तेथें काय करीत होते? लोकांनीं ठेवी ठेवल्या होत्या त्या, सरकारचीं माणसें आंत बसलीं आहेत, या भरंवशावर. आणि आंत बसलेल्या माणसांना वाटत होतें कीं, बँक चालविणें हें व्यापारी डायरेक्टरांचें काम. अब्दुल हक यांनीं दोन्ही खुर्च्यांचा उपयोग करून घेतला. या मंडळींनीं दुसऱ्या खुर्चीचा कांहींच उपयोग केला नाहीं. ज्याचा पैसा बुडाला त्याला या दोहोंतला फरक समजावून सांगणें कठीण आहे. १८७६ च्या कायद्यानें तिन्ही इलाख्यांच्या बँकांतून सरकारनें आपले भाग काढून घेतले आणि डायरेक्टर नेमण्याचा हक्कहि सोडला. हा एक उपाय झाला. पण खुर्चींत नीट बसतां येत नाहीं म्हणून खुर्चीच फेकून देण्यासारखा.

कारण सरकारला उद्योगधंद्यांतून अंग काढून घेणें पुढें शक्य राहिलें नाहीं. खुद्द आपल्याकडेच पाहा. हैदराबाद सरकारनें १९२९ सालीं औद्योगिक ट्रस्ट फंड काढला. त्या फंडांतून राज्यांतील गिरण्या-कारखान्यांचे भाग घेतले जात. नांदेडची उस्मानशाही मिल, वरंगळची आझमजाही मिल, नांदेडच्या सीमेपलीकडे बोधन येथें १९३७ सालीं निघालेला निजाम साखर कारखाना, हे सर्व त्या काळच्या सरकारी आश्रयाचे धंदे. आतां या व्यवस्थेंतील सरकारचीं नातीं मोजून पाहावीं. गिरणीचे भाग सरकारचे. गिरणीच्या मालावर आणि यंत्रांवर करोडगिरी बसविणारें सरकार. मजुरांचे तास आणि यंत्रांचीं कुंपणें तपासणारा फॅक्टरी इन्स्पेक्टर सरकारचा. नांदेडचा अव्वल तालुकदारहि सरकारचाच. अशा गिरणीच्या मंडळावर जो अधिकारी बसेल, त्यानें एक पैसाहि खाल्ला नाहीं, एकहि भाग स्वतःच्या नांवें घेतला नाहीं, तरी त्याची ओढाताण सुटत नाहीं. गिरणीला नफा व्हावा असें त्याला वाटलें पाहिजे. आणि करोडगिरी पूर्ण वसूल व्हावी, मजुराला जपावें, असेंहि त्याला वाटलें पाहिजे. पुढें उस्मानशाही मिल १९७४ च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यानें सरकारच्या पूर्ण मालकीची झाली. प्रश्न सुटला नाहीं, तो आणखी दाट झाला.

म्हणून हितसंबंधांच्या विरोधाचे दोन प्रकार पहिल्यापासूनच निराळे धरावे, असें मला सुचवावयाचें आहे. एकाला थैलीचा विरोध म्हणूं: अधिकाऱ्याचा, त्याच्या बायकामुलांचा, नातलगांचा पैसा एका बाजूला आणि कर्तव्य दुसऱ्या बाजूला. दुसऱ्याला खुर्चीचा विरोध म्हणूं: दोन्ही बाजूंना कर्तव्यच, परंतु तीं कर्तव्यें एकमेकांशीं न जुळणारीं. वर्तमानपत्रांतून गाजतो तो पहिला प्रकार. रोजच्या कारभारांत अधिक आढळतो तो दुसरा. आणि दुर्दैवानें आपले नियम बहुतेक सगळे पहिल्यासाठींच रचलेले आहेत.

थैलीच्या विरोधाबद्दल फार वेळ घेत नाहीं, कारण तेथें नियम पुष्कळ व स्पष्ट आहेत. इंग्लंडांत १९२८ सालीं परराष्ट्र खात्यांतील एक मोठे अधिकारी ग्रेगरी यांनीं परदेशी चलनाचा सट्टा केल्याचें एका दाव्यांतून बाहेर आलें. चौकशी सर वॉरेन फिशर यांच्या अध्यक्षतेखालीं झाली, आणि ग्रेगरी यांना नोकरीवरून काढण्यांत आलें. त्या चौकशीच्या अहवालानें घालून दिलेला दंडक असा: सरकारी नोकरानें कर्तव्य स्वार्थाखालीं दडपूं नये हें तर झालेंच, पण कर्तव्य आणि स्वार्थ यांची टक्कर होईल अशा जागीं त्यानें स्वतःला नेऊनहि ठेवूं नये. या दुसऱ्या अर्ध्या भागांत सगळें शहाणपण आहे. आपल्याकडील अखिल भारतीय सेवांचे १९६८ चे वर्तणूक नियम त्याच वाटेनें जातात. सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय अधिकाऱ्यानें व्यापार करूं नये. कंपनी, बँक किंवा व्यापारी स्वरूपाची सहकारी संस्था काढण्यांत अथवा चालविण्यांत भाग घेऊं नये. शेअरांचा सट्टा करूं नये. कर्तव्यांत अडचण उत्पन्न करील अशी गुंतवणूक स्वतः करूं नये व घरच्यांनाहि करूं देऊं नये. आणि जवळचा नातलग ज्या कंपनींत नोकरीस असेल तिचें प्रकरण आपल्या हातीं ठेवूं नये. महाराष्ट्र राज्याच्या नोकरांसाठीं १९७९ चे नियम याच धर्तीचे आहेत. सहकारी संस्थांचा त्यांत झालेला उल्लेख आपल्या भागांत विशेष ध्यानांत ठेवावा. कारण मराठवाड्यांत साखर कारखाना, सूतगिरणी, जिल्हा बँक हीं सर्व कंपनीच्या नांवानें नव्हे तर सहकाराच्या नांवानें उभीं आहेत, आणि कांहीं जणांची अशी समजूत असते कीं, सहकार म्हटलें म्हणजे तो व्यापार नव्हे.

खुर्चीचा विरोध मात्र इतका सरळ नाहीं. येथें अधिकारी स्वतःहून गेलेला नसतो; सरकारच त्याला पाठवितें. सरकारी हुकूम निघतो कीं, अमुक खात्याचे सचिव किंवा अमुक आयुक्त हे अमुक कंपनीचे पदसिद्ध डायरेक्टर राहतील. त्या दिवसापासून त्याला दोन धनी होतात. २०१३ च्या कंपनी कायद्याचें १६६ वें कलम सांगतें कीं, डायरेक्टरनें सद्‌बुद्धीनें कंपनीच्या हितासाठीं वागावें, आणि कंपनीच्या हिताशीं विरोध येईल अशा हितसंबंधांत पडूं नये. कलमांत ‘सरकारी डायरेक्टर वगळून’ असें कोठेंहि म्हटलेलें नाहीं. उलट सेवेचे नियम सांगतात कीं, त्याची निष्ठा सरकारशीं. एखाद्या दिवशीं कंपनीला दरवाढ हवी असते आणि सरकारला ती नको असते. त्या दिवशीं या माणसानें कोणत्या धन्याची चाकरी करावी?

ब्रिटनमध्यें हाच प्रश्न एका कापडाच्या कंपनीवरून वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला होता. रेयॉनचें कापड काढणाऱ्या एका लहान कंपनींत स्कॉटलंडच्या सहकारी घाऊक संस्थेचे बहुसंख्य भाग होते, आणि तिचे तीन डायरेक्टर मंडळावर होते. संस्थेला पुढें ती कंपनी नकोशी झाली, व तिनें तिला माल देणें आंखडतें घेतलें. तिचे डायरेक्टर मंडळावर गप्प बसले. त्यांनीं कांहीं वाईट केलें नाहीं, कांहीं केलेंच नाहीं. १९५८ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें निकाल दिला कीं, हें गप्प बसणें हाच इतर भागीदारांवरील जुलूम होय, आणि संस्थेनें त्यांचे भाग योग्य किंमतीला विकत घ्यावे. ज्यानें नेमलें त्याचे हुकूम बजावणें हें डायरेक्टरचें काम नव्हे. एकदां खुर्चीवर बसला कीं तो त्या कंपनीचा. बँक ऑफ बॉम्बेच्या सरकारी डायरेक्टरांना हा निकाल नव्वद वर्षें आधीं ऐकावयास मिळता, तर!

आतां उघड करण्याच्या नियमाकडे वळूं. कंपनी कायद्याच्या १८४ व्या कलमाप्रमाणें प्रत्येक डायरेक्टरनें, तो मंडळावर आल्यावर पहिल्याच बैठकींत आणि पुढें दर वर्षीं, आपला कोणकोणत्या कंपन्यांशीं व संस्थांशीं संबंध आहे तें लिहून द्यावयाचें असतें. आणि ज्या करारांत त्याचा संबंध येतो त्या विषयाच्या वेळीं बैठकींत भाग घ्यावयाचा नसतो. नियम चांगला आहे. परंतु तो शोधतो पैशाचा संबंध: दुसऱ्या कंपनींत दोन टक्क्यांहून अधिक भाग आहेत काय, तेथें डायरेक्टर आहे काय, भागीदारी आहे काय. ‘‘याच कंपनीच्या परवान्याची फाइल माझ्या टेबलावर पडून आहे,’’ हें सांगावयास त्या तक्त्यांत रकाना नाहीं.

हें सगळें कोणाच्या जिवाशीं येतें, तें लातूरकरांना सांगण्याची आवश्यकता नाहीं. २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा धरण कोरडें पडलें. पाण्याच्या टाक्यांपाशीं व टँकरांभोंवतीं जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. आणि एप्रिलमध्यें मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. अशा वर्षीं जिल्ह्यांतील प्रत्येक थेंबाचा मालक ठरविण्याचें काम अधिकाऱ्यांवर येऊन पडतें. माणसाला किती, जनावराला किती, उद्योगाला किती. समजा, हें ठरविणारा एखादा अधिकारी त्याच वेळीं पाणी लागणाऱ्या एखाद्या कंपनीच्या मंडळावर सरकारच्या वतीनें डायरेक्टर असता. असा कोणी होता असें मी म्हणत नाहीं. पण असता, तर त्याला कंपनी कायद्याप्रमाणें कंपनीसाठीं पाणी मागावें लागलें असतें, आणि आपत्तीच्या कायद्याप्रमाणें तें नाकारावें लागलें असतें. तो कितीहि सज्जन असो, त्यानें दिलेला कोणताहि निर्णय लोकांनीं संशयानेंच ऐकला असता. तहानलेल्या गांवाला निर्णय न्याय्य असून भागत नाहीं. तो देणारा माणूस मोकळा आहे हेंहि दिसावें लागतें.

नांदेड आणि लातूर यांना जोडणारें आणखी एक उदाहरण घेऊं. २००९ सालीं औद्योगिक विकास महामंडळानें नांदेड, लातूर, यवतमाळ, बारामती आणि उस्मानाबाद हे पांच विमानतळ ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानें एका खासगी कंपनीस दिले. सौदा बरा कीं वाईट हा आजचा विषय नाहीं. पण अशा प्रत्येक भाडेपट्ट्यांत चार हात लागतात: पट्टा देणारें महामंडळ, त्या महामंडळावर देखरेख करणारें मंत्रालयांतील खातें, जमिनीची नोंद ठेवणारें महसूल खातें, आणि अटी मोडल्या तर जाब विचारणारा कोणी तरी. हे चार हात चार माणसांचे असले पाहिजेत. आपल्याकडे अधिकाऱ्यांची टंचाई कायमची. एकाच अधिकाऱ्याकडे दोन-तीन ‘अतिरिक्त कार्यभार’ असणें नेहमींचें. कार्यभार वाढतो तसतसे हे हात एकाच खांद्याला येऊन जोडले जातात, आणि त्याची नोंद कोठेंहि होत नाहीं.

मग करावें काय? कांहीं गोष्टी अवघड नाहींत. पहिली आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची ही कीं, मंडळावर कोणाला पाठवावें याचा विचार नेमणुकीच्या वेळींच व्हावा. ज्या टेबलावरून त्या कंपनीला परवाना, जमीन, पाणी, दर किंवा अनुदान मंजूर होतें, त्या टेबलावरचा अधिकारी तिच्या मंडळावर जाऊं नये. सरकारला आपला माणूस हवा असेल तर तो दुसऱ्या खात्याचा असावा. वित्त खात्याचा चालेल, कारण पैसा बुडूं नये एवढेंच तो पाहील. असें केलें म्हणजे निम्म्याहून अधिक अडचणी उत्पन्नच होत नाहींत.

तरीहि टक्कर आलीच, तर अधिकाऱ्यानें बाजूला व्हावें. परंतु बाजूला होण्याचीहि एक रीत आहे. बैठकींतून उठून बाहेर जावें, नुसतें गप्प बसूं नये. आणि उठून गेल्याची वेळ इतिवृत्तांत लिहिली जावी. कचेरींतील फाइल असेल तर ती आपल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवावी, खालच्याकडे नव्हे. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण येथेंच पुष्कळ ठिकाणीं पाणी मुरतें. साहेबांनीं फाइल ‘आपण पाहून घ्या’ म्हणून हाताखालच्या माणसाकडे सरकवली, तर त्याला साहेबांची इच्छा कळण्यास शेरा लागत नाहीं; उद्यां त्याचा गोपनीय अहवाल साहेबच लिहिणार असतात.

पैशाबद्दल केंद्र सरकारच्या कंपन्यांत पद्धति बरी आहे: सरकारनें पाठविलेला डायरेक्टर बैठकीचा भत्ता घेत नाहीं. केंद्राचा आणखी एक जुना दंडक असा कीं, सरकारी प्रतिनिधि मंडळाच्या एक-षष्ठांशाहून अधिक नसावे, आणि कोणत्याहि परिस्थितींत दोहोंहून अधिक नसावे. राज्यांच्या कंपन्यांतहि हें प्रमाण पाळलें जावें. तेथें पुष्कळदां सगळें मंडळच मंत्रालयाच्या एका मजल्यावरून भरलेलें आढळतें. एका अधिकाऱ्याकडे किती मंडळें असावीं यालाहि सीमा हवी. कायदा वीस कंपन्यांपर्यंत परवानगी देतो, हें धंदेवाईक डायरेक्टरांचें झालें. दिवसभर कचेरी करून रात्रीं आठ कंपन्यांचीं कागदपत्रें वाचणारा अधिकारी मला कोणी दाखवावा! बदलीचीहि अडचण आहेच. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यानें सामान्यतः तीन वर्षांची मुदत धरली असली, तरी ती भरण्यापूर्वीं माणूस हलतो, आणि पदसिद्ध डायरेक्टर बदलतो. नव्या माणसाला ताळेबंद समजेपर्यंत त्याचीहि बदली येते.

यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. सरकारचा पैसा जेथें आहे तेथें त्या विषयाची माहिती असलेलाच अधिकारी पाहिजे. आणि माहिती असते ती त्याच खात्याच्या अधिकाऱ्याला. दुसऱ्या खात्याचा भाबडा माणूस पाठवाल तर कंपनीचे मॅनेजर त्याला गुंडाळतील. यांत तथ्य आहे. बँकांच्या बाबतींत पी. जे. नायक समितीनें २०१४ सालीं याच गांठीला हात घातला. सार्वजनिक बँकांचा मालक सरकार, त्यांच्या मंडळांवर वित्त मंत्रालयाचे अधिकारी, आणि बँकांसंबंधींचें धोरण ठरविणारें मंत्रालयहि तेंच, ही व्यवस्था चुकीची आहे असें समितीचें मत पडलें. तिनें सुचविलें कीं, सरकारचे भाग एका निराळ्या गुंतवणूक कंपनीकडे द्यावे, व मंडळांवर जाणकार पण स्वतंत्र माणसें नेमावीं. म्हणजे जाणकारी हवीच. ती परवाना देणाऱ्या टेबलावरूनच आणली पाहिजे असें नाहीं. हैदराबाद संस्थानांत १९४१ सालीं स्थापन झालेली आणि नांदेड-लातूरकडच्या कित्येक कुटुंबांचें पहिलें बँकखातें जींत उघडलें गेलें ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद, २०१७ च्या एप्रिलमध्यें भारतीय स्टेट बँकेंत विलीन होईपर्यंत याच जुन्या व्यवस्थेखालीं चालली. त्या समितीच्या मोठ्या सूचना अजून बहुतांशीं कागदावरच आहेत.

शेवटीं, श्रोतेहो, आपल्यासारख्या बाहेरच्या माणसाला यांतलें काय पाहतां येतें, एवढें सांगतों. कोणत्या कंपनीवर कोण डायरेक्टर आहे, हें कंपनी खात्याच्या दप्तरांत कोणालाहि पाहतां येतें. कंपनीनें डायरेक्टरांच्या हितसंबंधांचीं करारमदारें नोंदविण्यासाठीं जें पुस्तक ठेवावयाचें असतें, तें मात्र कायद्याप्रमाणें भागधारकांसाठीं खुलें असतें. आणि सरकारी कंपनीचा भागधारक म्हणजे सरकारच, तेव्हां तें दार आपल्याला बंद. परंतु २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा सरकारी कंपन्यांनाहि लागू आहे. आपल्या जिल्ह्याच्या कारभाराशीं संबंध असलेल्या अधिकाऱ्यांपैकीं कोण कोणत्या मंडळांवर सरकारच्या वतीनें बसतात, त्यांनीं वर्षाच्या आरंभीं काय लिहून दिलें, आणि गेल्या वर्षांत किती वेळां ते एखाद्या विषयाच्या वेळीं बैठकींतून उठून गेले, हे तीन प्रश्न साध्या कागदावर मराठींत लिहून विचारतां येतात. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, आणि उत्तर ३० दिवसांत द्यावयाचें असतें.